तयार तुकडे

"परत एकदा दाखव," बोलोत म्हणाला. "आणि या वेळी जरा सावकाश. एर्मेकने आ वासलेलाच आहे, त्याला काही दिसलेलं नाही."

सगळे हसले. नुरझातने सामशांची, तंदुरातल्या खिमा-समोशांची, पिशवी बाजूला सारली आणि लॅपटॉप टेबलाच्या मधोमध वळवून ठेवला. समोर कोरं पान होतं. तिने वरून मेन्यूची पट्टी ओढून आणली, तिच्याखाली मोठा फोटो, मग उपचारांचे चौकोन, डॉक्टरांची ओळख, वेळ ठरवायचा रकाना आणि तळाशी पत्ता व नकाशा. एकेक तुकडा जागच्या जागी बसत गेला. शेवटी तिने एकाच ठिकाणी निळ्याचा हिरवा केला आणि सबंध पान, बटणांपासून बारीक रेघांपर्यंत, हिरवं होऊन गेलं. दातांच्या दवाखान्याची वेबसाइट उभी राहिली होती, आणि पियाल्यातला चहा अजून वाफाळत होता.

"एवढ्या वेळात मी नुसती पेन्सिलीला टोक काढते," तुर्सुनाय एजे म्हणाल्या.

"तुम्ही टोक काढता तेवढ्यात माझं लग्न होऊन गेलं," एर्मेक म्हणाला.

"तुझं लग्न टिकवायला तुझी बायको किती वेळ घालवते ते विचार तिला."

बोलोत मात्र आता हसत नव्हता. तो खुर्ची ओढून स्क्रीनच्या अगदी जवळ आला होता. "म्हणजे हे कोणीही करू शकतं?" त्याने विचारलं.

"तुकडे तयार असले तर कोणीही," नुरझात अभिमानाने म्हणाली. मालकाला ती 'बायके', म्हणजे दादा, म्हणायची. "तुकडे करायलाच वेळ लागला, बायके. सबंध उन्हाळा गेला त्यात."

"शाबास," बोलोत म्हणाला. त्याने टाळ्या वाजवल्या, मग एर्मेकनेही वाजवल्या. एजेंनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यात मोठा सामसा तिच्या बशीत ठेवला.

बिश्केकमधल्या बुटांच्या एका जुन्या कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर ही कचेरी होती. बोलोत मालक, बाकी तिघं कामाला. एर्मेक वेबसाइटच्या पोटातली यंत्रणा सांभाळायचा, आणि वरचं दिसणारं रूप तुर्सुनाय एजे आणि नुरझात घडवायच्या. एजेंची उमेदीची वर्षं एका वर्तमानपत्राच्या पान-जुळणी विभागात गेली होती. ते बंद पडल्यावर त्या कॉम्प्युटर शिकल्या आणि बोलोतने कचेरी उघडली त्या दिवसापासून इथे होत्या. नुरझात डोंगरातल्या नारिनहून शहरात आली तेव्हा तिला रंग आवडतात यापलीकडे काही येत नव्हतं. पानात मोकळी जागा कुठे सोडायची, डोळा आधी कुठे जातो, गिऱ्हाईक 'मला काहीतरी भारी पाहिजे' म्हणतं तेव्हा त्याला खरं काय हवं असतं, हे सगळं एजेंनी शिकवलं. एजे म्हणजे थोरली बहीण, आणि त्या तिला पगारी माणसासारखं नाही, धाकट्या बहिणीसारखं रागवायच्या.

तयार तुकड्यांची कल्पना मात्र नुरझातची स्वतःची होती, आणि तिच्यामागचं कारण कचेरीतलं नव्हतं.

तिची मुलगी अयिम बालवाडीत जायची. नवरा कामासाठी रशियात काझानला गेला तो तिकडचाच झाला. त्यामुळे मुलीला सोडणं-आणणं एकट्या नुरझातवर होतं, आणि आणायला ती रोज सगळ्यात शेवटी पोचायची. बाकीची मुलं गेलेली असायची, वर्गातले दिवे मालवलेले असायचे, आणि अयिम टोपी-कोट घालून राखणदार बाईजवळच्या बाकावर बसलेली असायची.

"ही पोर आमची का तुमची, ते एकदा ठरवून टाका," बाई म्हणायची. "आमची असेल तर हिला रात्रीचं जेवायलाही घालते."

नुरझात माफी मागायची. ट्रॅफिक होता, गिऱ्हाईक उठतच नव्हतं, असं काहीबाही सांगायची. पण एका संध्याकाळी ती दार ढकलून आत आली तेव्हा अयिमने मान वरसुद्धा केली नाही. आधी दार वाजलं की ती उडी मारून उठायची. आता ती कोटाचं बटण सोडत-लावत बसली होती. दारातून येणारी बाई आपलीच असेल असं तिला वाटेनासंच झालं होतं.

ते नुरझातच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःवरच पाळत ठेवू लागली. आपला दिवस जातो कुठे? बघता बघता तिच्या लक्षात आलं की आपण तेच तेच परत करतो. तोच मेन्यू, तेच फोटोंचे चौकोन, तोच 'संपर्क करा'चा रकाना, आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी पहिल्यापासून. उरलेला वेळ फोन खातो. मग तिने चांगले जमलेले तुकडे वेगळे काढून ठेवायला सुरुवात केली, आणि ते एकमेकांत बसतील असे घासूनपुसून घेतले. गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सगळं विचारायचं, फोटो आणि मजकूर हातात आल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत फोन खणात टाकायचा, असे नियम तिने स्वतःला घालून घेतले.

"आमच्या नुरझातपेक्षा मंत्र्याची भेट लवकर मिळते," एर्मेक सगळ्यांना सांगत फिरायचा.

पण शरद ऋतू आला आणि नुरझात पाचाच्या ठोक्याला कोट चढवू लागली. पहिल्या दिवशी ती बालवाडीत पोचली तेव्हा मुलं अजून अंगणात खेळत होती. अयिम घसरगुंडीवर वर उभी होती. आईला बघून ती घसरायचंच विसरली. पायऱ्यांवरून उलटी धावत उतरली आणि नुरझातच्या गुडघ्यांवर आदळली. त्या दिवशी दोघींनी झाडांखालून वाळक्या पानांत पाय ओढत ओढत घर गाठलं. आयुष्यात आपण एक गोष्ट स्वतःच्या डोक्याने ठीक केली, असं नुरझातला वाटलं.

त्यानंतरच तिने टेबलावर सगळ्यांना ती करामत दाखवली होती. लपवून ठेवावी असं तिच्या मनातही आलं नाही.

"हे सगळं रेकॉर्ड करून ठेव," बोलोतने पुढच्या आठवड्यात सांगितलं. "तू बोलत बोलत करून दाखव. उद्या तू आजारी पडलीस तर आमचं काय?"

तिने आनंदाने रेकॉर्ड केलं. कुठला तुकडा कुठे वापरायचा, रंग कसा बदलायचा, फोटो मोठा असला तर काय करायचं, एकूण एक सांगितलं. एजे कान देऊन ऐकायच्या. "आवाज छान लागतो गं तुझा," त्या म्हणाल्या. "रेडिओवर जा. निदान हवामान तरी सांग."

डिसेंबरमधल्या एका सोमवारी नुरझात कचेरीत आली तेव्हा एजेंचं आणि एर्मेकचं टेबल रिकामं होतं.

आधी तिला काहीच वाटलं नाही. शहरात फ्लूची साथ होती. तिने नेहमीसारखी चौघांच्या चहाची किटली भरून लावली. मग वाकून बूट बदलताना तिची नजर एजेंच्या टेबलाखाली गेली. तिथे त्यांच्या लोकरीच्या सपाता असायच्या. त्या नव्हत्या. तिने एर्मेकच्या टेबलाकडे पाहिलं. तिथून हेडफोन गेला होता, आणि बायकोच्या फोटोची चौकटही.

बोलोत आला. त्याने कोट काढला नाही. "बस," तो म्हणाला.

"बायके, एजे कुठे आहेत?"

"बस तर खरं." तो स्वतः मात्र उभाच राहिला. "शुक्रवारी सांगितलं मी दोघांना. आता एवढी माणसं लागत नाहीत आपल्याला."

नुरझातला शब्द ऐकू आले, पण त्यांचा अर्थ लागेना. "लागत नाहीत म्हणजे?"

"अगं, तूच तर दाखवलंस ना! महिन्याचं काम तू आठवड्यात काढतेस. यंत्रणेचं काम मी बाहेरून करून घेईन. तुला पगारवाढ देणार आहे मी, घाबरू नकोस."

"शुक्रवारी कधी? शुक्रवारी मी इथेच होते."

"तू निघाल्यावर. पाचनंतर."

पाचनंतर ती बालवाडीच्या अंगणात होती. अयिमच्या टोपीवरचा बर्फ झटकत होती, हसत होती.

"तुम्ही मला विचारलं का नाही?" तिने विचारलं.

"काय विचारायचं होतं?" बोलोत आता चिडला, मनातून शरमलेला माणूस चिडतो तसा. "लोक हल्ली फोनवर फुकटात वेबसाइट बनवतात, माहीत आहे ना तुला? दोघांना ठेवलं असतं तर वसंतापर्यंत चौघंही घरी बसलो असतो. मला काय हौस आहे? तुर्सुनाय एजेंना मी लहानपणापासून ओळखतो, माझ्या आईच्या मैत्रीण त्या!"

"काय म्हणाल्या त्या?"

बोलोत खिडकीकडे बघू लागला. "काही नाही. म्हणाल्या, दातांच्या दवाखान्याचा फोन नंबर चुकलाय, तेवढा बघून घ्या. बघितला तर खरंच चुकला होता."

किटली शिट्टी घालत राहिली. ती बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही.

नुरझातने दुपारी एजेंना फोन लावला. घंटा वाजत राहिली. संध्याकाळी लावला, दुसऱ्या दिवशी लावला, उचलला नाही. एर्मेकने मात्र पहिल्याच घंटेला उचलला.

"शपथेवर सांगते, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत आहे मला, तुला माहीत नव्हतं ते."

"मग रागावला नाहीस ना?"

"रागावलोय ना!" एर्मेक म्हणाला. पलीकडे कुठेतरी टीव्ही चालू होता. "सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या मी. त्याचा जास्त राग येतोय. माझं सोड, अल्माटीच्या एका कंपनीशी बोलणं चालू आहे, होईल काहीतरी. पण एजेंना या वयात कोण घेणार गं? त्यांचा विचार केलास का तू?"

तो केला नव्हता हे तर खरंच होतं. तिने अयिमचा विचार केला होता, स्वतःचा केला होता. तुकड्यांचा तर इतका विचार केला होता की स्वप्नातही ते एकमेकांत बसायचे. त्यांच्या पलीकडे दोन माणसं बसलेली आहेत हे तिला दिसत असूनही दिसलं नव्हतं.

नंतरचे आठवडे ती एका गोष्टीची वाट बघत राहिली. कोणीतरी तक्रार करेल. एखादं गिऱ्हाईक म्हणेल की आधीच्या बाई बरं करत होत्या, आमची वेबसाइट शेजाऱ्यासारखीच दिसते. कोणीही काही म्हटलं नाही. शाळा आली, ट्रॅव्हल कंपनी आली, गालिचे विकणारे आले; सगळे वेळेत काम मिळालं म्हणून खूश होऊन गेले. एजेंची जागा भरून निघाली होती. तशी ती कुठे मोकळी पडल्याचं कोणाला दिसलंच नव्हतं. नुरझातला सगळ्यात जास्त हादरवलं ते यानेच.

आणि काम वाढतच गेलं. तिचा वेग वाढला तसा बोलोत कामं दुपटीने घेऊ लागला. पाचाचे सहा झाले, सहाचे सात. बाकावर टोपी-कोट घालून बसलेली अयिम पुन्हा दिसू लागली. राखणदार बाई आता काही बोलतही नव्हती.

एजेंची लोकरीची शाल कपाटामागे पडलेली नुरझातला सापडली. ती शाल हे निमित्त करून एका दुपारी ती अर्चा-बेशिकला गेली. शहराच्या टोकाच्या त्या वसाहतीत एजे मुलगा, सून आणि नातवंडांबरोबर राहायच्या. फोन उचलत नसल्या तरी दारात आलेल्या माणसाला त्या हाकलणार नाहीत एवढी तिला खात्री होती. सबंध रस्ताभर ती मनात वाक्यं जुळवत होती.

दार सुनेने उघडलं. कडेवर तान्हं मूल, हाताला पीठ.

"तुर्सुनाय एजे आहेत का? मी नुरझात. ऑफिसातली."

"अय्या, तुम्हीच का नुरझात! आई सारखं सांगत असतात तुमच्याबद्दल." सून हसली, आणि मग गोंधळली. "पण आई तर ऑफिसलाच गेल्यात ना. तुम्ही तिथूनच येताय नं?"

नुरझातने शालीची पिशवी मागे लपवली. सून तिच्याकडे बघत होती. पिठाचा हात तसाच अधांतरी होता.

"नाही... म्हणजे हो," ती कशीबशी म्हणाली. "मी आज बाहेरच्या कामावर आहे. गिऱ्हाइकाकडे. इथून जवळच होतं, म्हटलं एजे जेवायला घरी आल्या असतील तर..."

"जेवायला कुठल्या येतायत? डबा नेतात. रोज सकाळी मीच भरून देते." सुनेने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुम्ही सांगा ना त्यांना, जरा लवकर सुटत जा म्हणावं. अंधारात निघतात, अंधारात येतात. विचारलं की म्हणतात, वर्षअखेरीचं काम फार आहे. एवढं काय काम असतं हो?"

"असतं," नुरझात म्हणाली. "फार असतं."

सुनेने तिला तसं जाऊ दिलं नाही. तळून फुगलेल्या गरम बोरसोकांची पुडी हातात कोंबली. शाल देता येणं शक्य नव्हतं. ती पिशवीत तशीच ठेवून नुरझात रस्त्यावर आली आणि एका कुंपणाला धरून उभी राहिली. मार्श्रुत्का, म्हणजे शहरातली मिनीबस, आली, थांबली, चालकाने 'चढायचं का?' म्हणून विचारलं. तिने हातानेच त्याला जायला सांगितलं.

रोज सकाळी एजे कुठे जातात?

जानेवारीत अयिमला खोकला झाला. कोळशाच्या धुराने सगळं शहर करडं झालं होतं, डोंगर तर आठवडाभर दिसलेच नव्हते. नुरझात तिला घेऊन पॉलिक्लिनिकमध्ये गेली. प्रतीक्षेच्या दालनात माणसांची दाटी होती. म्हातारे, पोरं, गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेल्या बाया. रेडिएटरजवळच्या खुर्चीवर कोणीतरी कचेरीचा निळा कोट घालून बसलं होतं. ओठांना लिपस्टिक, गुडघ्यांवर पर्स, पर्सवर घट्ट झाकणाचा डबा.

"एजे!" नुरझात ओरडलीच. "बरं नाहीये का तुम्हाला? काय झालंय?"

तुर्सुनाय एजेंनी मान वर केली. क्षणभर त्यांचा चेहरा पार कोरा होता. "पाठ," त्या म्हणाल्या. "जरा पाठ धरलीय. दाखवून टाकते."

तेवढ्यात फरशी पुसणारी बाई पोछा घेऊन तिथे आली. "पाय उचला, एजे," ती सवयीने म्हणाली. "आजही नाही ना लागला नंबर? बसा, बसा. इथे ऊब तरी आहे." आणि पुसत पुसत पुढे गेली.

नुरझातची नजर एजेंवरून फिरली. कोट, लिपस्टिक, डबा. दालनात इतकी माणसं होती, आणि कोणी कोणाला विचारत नव्हतं की तुम्ही इथे का बसलात. दवाखान्यात बसलेल्या माणसाला ते कोणीच विचारत नाही.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज नाही. सोमवारी वाचनालय बंद असतं, तेव्हा." एजेंनी अयिमला जवळ ओढून तिच्या टोपीची गाठ सोडली. "वाचनालयात पण आता ती मुलगी ओळखायला लागलीय. काय संशोधन करता म्हणून विचारते."

"एजे, घरी का नाही सांगितलंत? सून किती चांगली आहे तुमची. मी गेले होते, मला..."

"घरी गेली होतीस?" एजेंचा आवाज करवतीसारखा झाला. "काय सांगितलंस?"

"काही नाही. खोटं बोलले."

एजेंनी श्वास सोडला. त्यांनी अयिमच्या टोपीचे बंद सरळ केले. "सून चांगलीच आहे. म्हणून तर. घरी कळलं की दुसऱ्या दिवसापासून मी आजी होईन. फक्त आजी. कोणी वाईट वागणार नाही गं. मला सूप देतील, टीव्हीसमोर बसवतील, मांडीवर पोर देतील. आणि मग मला कोणी विचारणार नाही की आज काय केलंत."

"माझ्यामुळे झालं हे," नुरझात म्हणाली.

"तुझ्यामुळेच झालं."

नुरझातला वाटलं होतं त्या 'छे गं' म्हणतील. तिला मुस्कटात बसल्यासारखं झालं.

"बघतेस काय? खोटं बोलू का?" एजे खालच्या पट्टीत बोलत होत्या, पण शब्द न् शब्द ठोकत होत्या. "तू चांगलं काम केलंस. मी बघितलंय, फार चांगलं आहे ते. आणि त्यात माझी भाकरी गेली. दोन्ही खरं आहे. मला राग आलाय, आणि तो मला काही दिवस ठेवायचाय. माफी मागू नकोस, मला ती द्यावी लागेल."

नुरझातच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"ए, इथे रडू नकोस," एजे घाईघाईने म्हणाल्या. "रडणाऱ्याला आधी आत घेतात इथे. रांगेतली माणसं आपल्याला फाडून खातील."

नुरझात रडता रडता हसली, आणि ते हसू आणखीच वाईट होतं. तिने पिशवीतून शाल काढून त्यांच्या खांद्यांवर टाकली. एजेंनी ती झटकली नाही. आतून अयिमचं नाव पुकारलं. मायलेकी बाहेर आल्या तेव्हा रेडिएटरजवळच्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता.

त्याच दुपारी नुरझात बोलोतसमोर उभी राहिली.

"एजेंना परत बोलवा."

"नाही जमणार."

"अर्धा दिवस तरी."

"नुरझात, मला पण झोप लागत नाही," बोलोत म्हणाला. "पण नाही जमणार. कामच नाही त्यांच्यापुरतं, मी काय नाटक करू? त्यांना खुर्चीत बसवून ठेवू? कळणार नाही का त्यांना?"

ती वळली, दारापर्यंत गेली, आणि तिथून परत आली.

"मग मी पाचला जाणार," ती म्हणाली. "उद्यापासून नाही, आजपासून. जेवढं पाचपर्यंत होईल तेवढंच होईल. मी लवकर काम करायला शिकले ते जास्त काम करायला नाही."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर ते रेकॉर्डिंग आहे ना. कोणालाही लावा ऐकायला."

एकटीचं घर, लहान पोर, हातातली एवढी एक नोकरी. पण तोंडातून निघालेला शब्द तिने परत घेतला नाही. शेवटी बोलोतने खांदे उडवले. "दार लावून घे जाताना," तो म्हणाला. "थंडी येते."

त्यानंतर एजेंचा फोन आला तो बर्फ वितळायला लागल्यावर.

"शनिवारी ये. पोरीला पण आण," त्यांनी फर्मावलं. "घरी सांगितलंय सगळ्यांना."

"काय म्हणाले सगळे?"

"मुलगा काही बोलला नाही, तो बापावर गेलाय. सून मात्र भयंकर चिडली. इतके दिवस मी डबे भरून देत होते आणि तुम्ही ते दवाखान्यात बसून खात होतात, म्हणाली! दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मला वाटलं होतं कीव करेल. चिडली, बरं वाटलं मला."

शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक कोपरा मोकळा केलेला होता. तिथे मुलाचा जुना लॅपटॉप होता. सून पलीकडे कणीक मळत होती. तिने नुरझातकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. बाहेरच्या कामावर होतात, नाही का? नुरझात कानांपर्यंत लाल झाली.

"शिकव," एजे म्हणाल्या.

"काय?"

"ते तुकडे. कोपऱ्यावरच्या तंदूरवाल्याला वेबसाइट पाहिजे. रोटीची ऑर्डर घ्यायचीय त्याला. माझ्या पद्धतीने करत बसले तर त्याची रोटी शिळी होईल."

"एजे, तुम्ही माझ्याकडून शिकणार?"

"का? मी मेले का?"

"पण ऑफिसातले तुकडे ऑफिसाचे झाले. ते नाही आणता येणार."

"मग आपण नवे करू. मला शनिवारी दुसरं काय आहे?"

त्या चष्मा लावून बसल्या. पहिला तुकडा मेन्यूचा. नुरझात सांगत गेली, एजे करत गेल्या. त्या चुकायच्या, स्वतःलाच शिव्या द्यायच्या, मागे जायच्या, पुन्हा करायच्या. नातवंडं आणि अयिम टेबलाखालून रांगत होती. पट्टी एका बाजूला नीट बसली की दुसऱ्या बाजूने निसटायची. एकदा निसटली, दोनदा निसटली, तिसऱ्यांदा एजेंच्या कपाळावर घाम आला. नुरझातला कळत होतं कुठे अडतंय. एक टिचकी, बस. नकळत तिचा हात माउसकडे गेला.

"हात काढ," तुर्सुनाय एजे म्हणाल्या.

नुरझातने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, आणि ती वाट बघत बसली.